मन आधी की काम आधी?

सकाळी चहाचं आधण ठेवून मोबाइल हातात घेतला की पहिल्यांदा काय दिसतं? उगवता सूर्य, त्याच्याखाली गुलाबाचं फूल आणि फुलाखाली एक सुविचार. ‘नेहमी आनंदी राहा.’ ‘चांगले विचार करा, चांगलंच घडेल.’ धाकट्या जाऊबाईंकडून एक, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवरून चार, सोसायटीच्या ग्रुपवरून दोन. पूर्वी हेच सुविचार शाळेच्या फळ्यावर आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असत. तेव्हा दिवसाला एक पुरत असे!

सुविचारांशी माझं भांडण नाही हं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपल्या आज्या म्हणत आल्या आहेत. मनाला एकदा वाईट वळण लागलं की ते कुठवर घेऊन जातं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलगा घरी यायला अर्धा तास उशीर झाला तर आपण मनानं थेट सरकारी दवाखान्यापर्यंत जाऊन येतो की नाही? तेव्हा मन प्रसन्न ठेवावं, हे खरंच. पण ते आणायचं कुठून? कणकेच्या डब्यातून पीठ काढावं तसं काढता येतं का?

श्रीरामपूरच्या एका भगिनीचं पत्र माझ्यासमोर आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, पण पत्र वाचलंत तर तुमच्यापैकी पुष्कळजणींना ते आपणच लिहिलंय असं वाटेल. मुलं शिकायला पुण्याला गेली. यजमान सकाळी नऊला बाहेर पडतात. दहा-साडेदहाला सगळं आवरतं आणि मग घर खायला उठतं. कशाची कमतरता नाही, कुणाचा त्रास नाही, तरी मन लागत नाही. कुणाला सांगावं तर ‘पॉझिटिव्ह राहा’ एवढंच उत्तर मिळतं. शेवटी ती लिहिते की आधी मन ताळ्यावर येऊ दे, मग काहीतरी करायला घेईन.

मी अडखळले ती या शेवटच्या वाक्यापाशी. आधी मन, मग काम. आपण सगळ्याजणी बहुतेक असंच धरून चालतो. पण हा क्रम बरोबर आहे का? आज यावरच बोलू या. त्यासाठी फार लांब जायला नको. आमच्याच नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालंय) एका कोपऱ्यात या प्रश्नाचं उत्तर पन्नासहून अधिक वर्षं दिलं जात आहे.

जामखेडच्या बायका

जामखेड म्हणजे जिल्ह्याचा अगदी दक्षिण-पूर्वेचा, बीडच्या हद्दीला लागलेला कोरडा तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथे आलं. रजनीकांत मूळचे राहुरीचे. दोघंही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेले. खेड्यातल्या गोरगरिबांसाठी काम करायचं हे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवलेलं होतं. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत. म्हणजे साधारण सहा पाळण्यांमागे एक पाळणा रिकामा होई. जुलाब, धनुर्वात, उपासमार ही त्याची कारणं.

डॉक्टर दोघंच आणि गावं कितीतरी. शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यात ठेवून पाहिलं. पण परक्या गावात एकट्या तरुण मुलीनं राहणं अवघड, आणि गावालाही ती परकीच. तेव्हा विचार पुढे आला, गावातलीच एखादी बाई का निवडू नये? मग गावोगावच्या बायका निवडल्या गेल्या. बहुतेकजणी निरक्षर. बऱ्याच दलित वस्तीतल्या. काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही विधवा. ज्यांना गावात कुणी ‘बस’ म्हणत नव्हतं, अशा.

सुरुवातीला या बायकांना काय जड गेलं, माहीत आहे? औषधांची नावं नाहीत. स्वतःचं नाव चारचौघांत मोठ्यानं सांगणं! ‘तुम्ही कोण?’ म्हटलं की उत्तर येई, अमक्याची बायको, तमक्याची आई. तेव्हा शिक्षणाची सुरुवात ‘मी कोण, मला काय येतं’ इथपासून झाली. आरोग्याचे धडे गोष्टींतून, चित्रांतून, गाण्यांतून मिळत. शिकलेलं गावात जाऊन करायचं, पुन्हा जामखेडला यायचं, काय अडलं ते सांगायचं आणि पुढचं शिकायचं. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र राहात, एकत्र जेवत. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

आणि त्या शिकल्या काय? बाळंतपण स्वच्छ हातांनी कसं करायचं. मुलाचं वजन कसं घ्यायचं आणि ते घटलं तर काय खायला घालायचं. लस कधी टोचून घ्यायची. जुलाब लागलेल्या मुलाचं पाणी बंद करायचं नाही, उलट त्याला साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजत राहायचं.

(हे पाणी आपल्या प्रत्येकीला करता यायला हवं. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. दवाखान्यातलं ओआरएसचं पाकीट मिळालं तर ते अधिक चांगलं. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, पाणी घेईनासं झालं किंवा शौचातून रक्त पडलं तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.)

दर हजारी १७६ हा आकडा कमी होत होत १९९६ साली २६ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात, लोकांनीच उभारलेल्या आरोग्यसेवेची उदाहरणं म्हणून जगातले निवडक प्रयोग दिले होते. त्यात जामखेडचं प्रकरण होतं. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. काम पुढच्या पिढीनं चालू ठेवलं.

पणती आणि झुंबर

या आरोग्यसेविकांपैकी एक मुक्ताबाई पोळ. १९८८ साली वॉशिंग्टनमध्ये आरोग्याविषयी एक मोठी आंतरराष्ट्रीय सभा भरली होती, तिथे त्या बोलायला उभ्या राहिल्या. जामखेड भागातली खेडवळ बाई, समोर देशोदेशीचे तज्ज्ञ, आणि डोक्यावर सभागृहाची झगमगती झुंबरं. त्यांनी त्या झुंबरांकडेच बोट दाखवलं. डॉक्टर हे या झुंबरासारखे, दिसायला सुंदर पण महाग आणि आमच्या हाताला न लागणारे, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी जवळच्या दोन पणत्या काढल्या. एक पेटवली. ही साधी आहे, स्वस्त आहे, आणि झुंबराला जे जमत नाही ते हिला जमतं, असं सांगून त्यांनी त्या पणतीवर दुसरी लावली. आम्ही आरोग्यसेविका या पणतीसारख्या आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. सारी सभा उठून उभी राहिली म्हणतात.

आता सांगा मैत्रिणींनो, हा आत्मविश्वास मुक्ताबाईंच्या अंगी सुविचार वाचून आला का? जामखेडच्या बायकांनी आधी ‘माझं मन खंबीर होऊ दे, मग सुईणपण शिकेन’ असं म्हटलं असतं, तर त्या अजून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या असत्या. भीत भीत, लाजत लाजत त्यांनी काम हाती घेतलं. एक मूल वाचलं. मग दुसरं वाचलं. ज्या घरानं दारात उभं केलं नव्हतं, त्या घरानं रात्री बाळंतपणासाठी बोलावणं धाडलं. मन बदललं ते त्यानंतर, आपोआप म्हणावं इतक्या सहज.

आणि आणखी एक ध्यानात घ्या. आरोळ्यांनी त्या बायकांना नुसतं ‘हसत राहा’ असं सांगितलं नाही. ते आले ते दिवस दुष्काळाचे, १९७२ चा दुष्काळ तर आपल्या थोरल्यांच्या तोंडून आपण ऐकलाच आहे. पोटात अन्न नाही, पाण्याला मैलभर पायपीट, तिथे कसला चांगला विचार सुचणार? म्हणून आधी मुलांसाठी अन्न शिजलं, पाण्यासाठी हातपंप बसले. ते हातपंपही दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाणी हवं तर साऱ्या गावाला तिथेच यावं लागे. मनाची मशागत अशी परिस्थितीच्या मशागतीसोबत झाली.

डॉक्टरांचंही हेच म्हणणं

हे खेड्यातल्या बायकांचं झालं, आमच्यासारख्यांचं काय, असं कुणी विचारील. तर गोव्याची गोष्ट ऐका. तिथे ‘संगथ’ नावाची मानसिक आरोग्यात काम करणारी संस्था आहे. तिनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्यानं खूपच ग्रासलेल्या ४९५ माणसांवर एक उपचार करून पाहिला. त्याची माहिती २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. साधी, थोडंफार प्रशिक्षण दिलेली माणसं होती. सहा ते आठ भेटी. आणि त्या भेटींत मुख्यतः काय करायचं? ‘वाईट विचार काढून टाका’ असा उपदेश करायचा नाही. रुग्णानं सोडून दिलेली, पण एकेकाळी त्याला बरी वाटणारी किंवा गरजेची असलेली छोटी छोटी कामं त्याच्याबरोबर बसून ठरवायची, वेळ नेमायची आणि ती पुन्हा सुरू करायला मदत करायची. कुणी सकाळी फिरायला जायचं, कुणी मैत्रिणीकडे, कुणी बंद पडलेलं शिवणाचं मशीन उघडायचं.

तीन महिन्यांनी पाहिलं तर हा उपचार मिळालेल्यांपैकी शंभरात ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना आरोग्य केंद्रातली नेहमीची, जरा सुधारलेली सेवा मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ३९ होतं.

याचं कारण उघड आहे. मन खचलं की आपण एकेक गोष्ट सोडतो. आज देवळात जायला नको, उद्या भिशीला नको, परवा केस विंचरायलाही नको. जितकं सोडावं तितकं मनाला बरं वाटायचं काही उरत नाही, म्हणून ते आणखी खचतं. हा गुंता विचारांच्या टोकानं सोडवायला गेलं तर सुटत नाही, कारण विचार पकडायला हातात येत नाही. काम हातात येतं. गुंत्याचं ते टोक धरावं.

आपल्याकडे म्हणतातच ना, हात फिरे तिथे लक्ष्मी वसे. मी म्हणते, मनही तिथेच वसतं.

कसलं काम?

‘पण बाई, काम तर आम्ही दिवसभर करतोच,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. सरकारनं २०२४ साली घेतलेल्या वेळेच्या पाहणीत असं दिसलं, की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाचे २८९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, त्यात जातात. पुरुषांमध्ये मुळात ही कामं करणारे थोडे, आणि जे करतात त्यांची ८८ मिनिटं. तेव्हा ‘आणखी काम करा म्हणजे बरं वाटेल’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. कामानं मन खुलतं तसं ते पिचतंही.

मग खुलवणारं काम कुठलं? जामखेडच्या बायकांच्या कामात मला चार गोष्टी दिसतात.

पहिली, त्या कामात त्यांना स्वतःचं नाव मिळालं. दुसरी, एक गोष्ट त्या पक्की शिकल्या, वरवर नाही. तिसरी, त्या एकट्या नव्हत्या, आठवड्याला भेटून अडचण सांगायला सोबत होती. चौथी, केल्याचं फळ डोळ्यांना दिसत होतं. अंगणात खेळणारं मूल बघून म्हणता येत होतं, याच्यात माझा हात आहे.

आपल्या रोजच्या कामात या चारपैकी किती आहेत? पोळी होते आणि खाल्ली जाते, कपडे धुतले जातात आणि मळतात. फळ दिसेपर्यंत ते नाहीसं होतं. त्या कामाला नाव नाही. ‘काय करता?’ म्हटलं की आपणच म्हणतो, ‘काही नाही, घरीच असते.’ स्वयंपाकघरात आपण एकट्या. अशा कामाचा कंटाळा आला तर तो आपल्या स्वभावाचा दोष नव्हे, एवढं आधी मनाला बजावा. पॉझिटिव्ह राहता येत नाही म्हणून वर स्वतःला बोल लावून घेऊ नका.

पण घरातल्याच कामाला या चार गोष्टी जोडता येतात का? येतात. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात डोंगरात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. फवारणीच्या भाज्या खाऊन घरातली लेकरं आजारी पडतात असं त्यांना वाटू लागलं, तेव्हा त्यांनी वाल, घेवडे, भोपळे, भात यांचं जुनं गावठी बियाणं राखायला सुरुवात केली. बी राखेत मिसळून मडक्यात जपायचं हे त्यांच्या आईआजींच्या काळापासून बायकाच करत आलेल्या. ते काम कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. राहीबाईंनी ते मनावर घेतलं, शेजारच्या गावांतल्या बायकांना जोडून घेतलं, ‘बायफ’ संस्थेची मदत मिळाली आणि घरात बियाण्यांची बँक उभी राहिली. लोक त्यांना बीजमाता म्हणू लागले. २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार त्यांना जाहीर झाला आणि २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. पुरस्काराचं राहू द्या. आपल्याला घ्यायचं ते हे, की कामाचा सांधा त्यांना परसातच सापडला. आपल्या हाताला आधीच जे येतं, त्याच्यातच तो असतो, आपण फक्त त्याला कधी काम म्हटलेलं नसतं.

एवढं करून पाहा

नुसतं बोलून थांबायला हे पान नाही. तेव्हा येत्या आठवड्यापासून एवढं करून पाहा.

एक कागद घ्या आणि दिवसभरातली आपली सगळी कामं त्यावर लिहा. अगदी पाण्याच्या बाटल्या भरण्यापर्यंत. मग ज्या कामानं कुणाचं खरंच भलं होतं त्यापुढे फुली मारा. जे फक्त ‘लोक काय म्हणतील’ म्हणून चाललंय त्यापुढे गोल काढा. रोज फरसाणाच्या बरण्या पुसल्या नाहीत तर आभाळ कोसळत नाही. गोलातली दोन कामं बंद करा. फुलीतली दोन घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. मुलगा असो, मुलगी असो, यजमान असोत. स्वतःचं ताट धुणं आणि आपले कपडे घडी करून ठेवणं आठ वर्षांच्या मुलालाही जमतं. पहिले पंधरा दिवस घड्या वाकड्या येतील, येऊ द्यात.

असा आठवड्याचा एक तास मोकळा झाला की त्या तासाला नाव द्या. वार आणि वेळ ठरवा. ‘वेळ मिळाला तर’ म्हणू नका, तो कधीच मिळत नसतो. मंगळवारी दुपारी तीन ते चार, असं ठरवा. काम लहान निवडा, पण दुसऱ्या कुणाला तरी त्याची गरज असलेलं. तुम्हाला गणित येत असेल तर कामवाल्या बाईंच्या मुलीचं गणित घ्या. अक्षर चांगलं असेल तर आळीतल्या म्हाताऱ्यांचे बँकेचे, पेन्शनचे फॉर्म भरून द्या. बचत गटाचा हिशेब कुणालाच समजत नसेल तर तो शिकून घ्या, अगदी पै न पैपर्यंत. हाताला चव असेल तर नवीन सुनांना आणि एकट्या राहणाऱ्या मुलांना चार पदार्थ शिकवा. गच्चीत जागा असेल तर गावठी वालाचा एक वेल लावा, बी धरा, आणि येत्या संक्रांतीला प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी बियांची पुडी वाण म्हणून लुटा. बायका आधी हसतील. त्यांच्या वेलाला शेंगा लागल्या की तुमचं नाव काढतील.

एक मैत्रीण सोबत घ्या. एकटीनं धरलेलं काम तिसऱ्या आठवड्यात सुटतं. दोघी असल्या की एकीला कंटाळा येतो त्या दिवशी दुसरीला लाज वाटते, आणि काम चालू राहतं!

एक वही ठेवा. त्यात मनाची अवस्था लिहू नका. आज काय केलं आणि त्याचं काय झालं, एवढ्या दोनच ओळी. ‘फॉर्म भरला. आजींची अडकलेली पेन्शन जमा झाली.’ बस. दीड महिन्यानं ती वही पहिल्यापासून वाचा.

गोड बोलून गप्प बसवू नये

आता थोडं कडू. ‘चांगला विचार कर’ हे पुष्कळदा आपल्याला गप्प करायला वापरलं जातं. सासरी छळ होतोय, पैसा हातात मिळत नाही, नोकरीच्या जागी राबवून घेतात, आणि तक्रार केली की म्हणतात, ‘तू फार निगेटिव्ह आहेस.’ हे मानू नका. समाधान मिळतं म्हणून कामाचा मोबदला मागू नये, असंही नाही. आरोग्याचं काम घरोघर नेणाऱ्या ‘आशा’ सेविका देशात २००५ पासून आहेत. त्यांच्या कामाचं मोल सगळे मानतात. पण मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२३-२४ मध्ये संप करावा लागला. काम जिवाभावाचं असतं आणि त्याचे पैसेही मागायचे असतात. दोन्ही एकाच तोंडानं म्हणता येतं.

आणि काही उदासी आपल्या वहीनं जाणारी नसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज मन बुडालेलं असेल, झोप-भूक उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. बाळंतपणानंतर आणि पाळी जाताना हे पुष्कळदा होतं. डॉक्टरांना सांगायला संकोचू नका. सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं आणि फोन फुकट आहे. क्रमांक आत्ताच लिहून ठेवा, स्वतःसाठी नाही तर शेजारणीसाठी.

जिच्या नावानं आमचा जिल्हा आता ओळखला जातो, त्या अहिल्याबाई होळकरांचं माहेर चौंडी. ते जामखेड तालुक्यातच आहे. १७२५ चा त्यांचा जन्म. १७५४ मध्ये पती गेले, १७६६ मध्ये वडिलांच्या मायेनं कारभार शिकवणारे सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव गेला. अशा बाईला ‘आनंदी राहा’ असं सांगायची कुणाची छाती झाली असती? दुःख सरायची वाट न पाहता त्यांनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला आणि १७९५ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत चालवला. गाऱ्हाणी ऐकली, घाट आणि विहिरी बांधल्या, महेश्वरला विणकर वसवले. त्यांचं दुःख कमी झालं असेल का, ते आपण कसं सांगणार? पण महेश्वरात माग आजही चालू आहेत, आणि ती महेश्वरी लुगडी आपण कपाटात जपून ठेवतो.

श्रीरामपूरच्या माझ्या भगिनी, तुमच्या पत्रात ओझरतं आलंय की लग्नाआधी तुम्ही बालवाडीत शिकवत होता आणि मुलांना गोष्टी सांगण्यात तुमचा हातखंडा होता. तुमच्या गल्लीत दुपारी चार वाजता शाळेतून येणारी, आईवडील कामावर असल्यानं मोबाइल घेऊन बसणारी पोरं असतीलच. येत्या बुधवारी त्यांतल्या तिघांना ओसरीवर बोलवा. मन लागो न लागो, एक गोष्ट सांगा. त्याच्या पुढच्या बुधवारी किती येतात, तेवढं मोजून मला कळवा. मी वाट पाहते.